बाबांची डावी बाजू

माझ्या वडिलांना डाव्या डोळ्याने काहीही दिसत नाही. अशा माणसाने गाडी चालवावी की चालवू नये, एवढाच माझा प्रश्न होता. प्रश्न सोपा आहे असं मला वाटलं, कारण मी मूर्ख होते. हो किंवा नाही, दोनपैकी एक शब्द कुणीतरी तोंडातून काढायचा होता. तो काढायला अख्ख्या कोलकात्यात कुणी तयार नव्हतं, आणि ज्याने काढला त्याच्या शेजारच्याने लगेच उलटा काढला.

आधी बाबांबद्दल सांगते, म्हणजे मला हा प्रश्न का विचारत फिरावं लागलं ते कळेल. ते वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. पुणे जिल्ह्यातल्या बाजारांतून फिरून दुकानदारांची खोटी वजनं जप्त करण्यात त्यांचा जन्म गेला. किराणावाले पाया पडत, बायकामुलांच्या शपथा घालत. बाबा वजन पिशवीत टाकत आणि म्हणत, "मी नेत नाही, नियम नेतो." हे वाक्य ते घरीही घेऊन येत. माझ्या दहावीला टीव्हीची वायर काढून ठेवली ती नियमाने. दादाला मोटारसायकल मिळाली नाही ती नियमाने. मला गाडी शिकवली नाही तीही नियमाने, कारण घरात एक चालवणारा असताना दुसऱ्याची गरज काय. आई चार दिवस माहेरी जायची तीसुद्धा कुठल्यातरी नियमात बसवून. बाबांनी आमच्याकडून पुष्कळ काढून घेतलं, पण त्यांच्या मते त्यातलं काहीच त्यांनी काढून घेतलेलं नाही.

आई गेल्यावर ते माझ्याकडे आले. दादा पुण्यातच असतो, पण त्याचं घर लहान आहे. आई असताना तेच घर मोठं होतं. माझी बँकेची बदली कोलकात्याला झालेली, नवरा नोकरीपायी महाराष्ट्रातच, मुलगी बंगळुरूला, आणि बागबाजारला बँकेने दिलेला दोन खोल्यांचा फ्लॅट. बाबा विमानाने आले आणि त्यांची लहानशी पांढरी गाडी मागून ट्रकवर चढून आली. तळमजल्यावरच्या बंगाली म्हाताऱ्याने गाडीवरचा महाराष्ट्राचा नंबर वाचला आणि त्या दिवसापासून बाबांना 'बोर्गी' म्हणायला सुरुवात केली. बोर्गी म्हणजे बंगाल लुटायला आलेला मराठा घोडेस्वार. आमच्यापासून शहर वाचवायला जो खंदक खणला होता तो याच बागबाजारपासून सुरू व्हायचा. "खंदक बुजवला ही चूक झाली," म्हातारा म्हणायचा आणि बाबा खूश व्हायचे.

कोलकाता बाबांना आवडलं ते एका गोष्टीसाठी. इथले काही रस्ते सकाळी एका दिशेने एकेरी असतात आणि दुपारी एकनंतर उलट्या दिशेने. इथे जन्म काढलेली माणसंही त्याला शिव्या घालतात. बाबांना वाटलं आपल्याला स्वर्ग सापडला. त्यांनी दोनेक महिन्यांत सगळे रस्ते वेळांसकट पाठ केले. शेजारी गाडी काढताना वर बघून विचारायचे, "बोर्गीदा, आता कुठून जाऊ?" आणि बाबा गॅलरीतून हात हलवून दिशा दाखवायचे.

डोळा गेल्याचं त्यांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं. काचबिंदू होता, थेंब घालत होते, एवढंच माहीत. डावीकडे ठेवलेली चटणी त्यांनी वाढलीच नाही म्हणून मागितली, तेव्हा मला संशय आला. नंतर एका रविवारी आम्ही सियालदहच्या घाऊक बाजारात भाजीला गेलो. तिथे बाबांना तराजू तपासायला मजा येते. परत निघताना गल्लीच्या तोंडाशी डोक्यावर वांग्यांची टोपली घेतलेला एक हमाल आमच्या गाडीच्या डाव्या बाजूला लागून आडवा झाला. मी ओरडले. बाबा चालवतच राहिले. लोकांनी बॉनेटवर थापा मारल्या तेव्हा कुठे थांबले. हमाल कोपर चोळत उठला, वांगी सगळीकडे पसरली होती, आणि बाबा माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "हा कुठून आला?"

तो कुठूनही आला नव्हता. तो समोरच होता आणि चालत होता. पण डावीकडचं जग बाबांच्या लेखी आता आकाशातूनच पडतं.

घरी येऊन मी सांगितलं की गाडी बंद. बाबांनी चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणाले, "कुठल्या नियमाने?"

"कुठल्या म्हणजे? तुम्हाला दिसत नाही."

"मला एका डोळ्याने उत्तम दिसतं. एका डोळ्याच्या माणसाने चालवू नये असा कायदा असेल तर दाखव. मी त्याच क्षणी किल्ली तुझ्या हातावर ठेवीन. पण तुला वाटतं म्हणून नाही. नियमाने गेलं तर माणसाला त्याचं काही वाटत नाही. माणसाने हिसकावलं तर तो अपमान असतो."

किल्ली त्यांनी देवघराशेजारच्या खिळ्याला टांगली. ती तिथून खाली यायला हवी होती आणि तिच्यावर कायद्याचं बोट लागायला हवं होतं, माझं नाही. मला ते पटलंही. आयुष्यभर या माणसाने नियमाच्या आडून मारलं, आता त्याच्यासाठी नियम शोधून आणणं म्हणजे मला मेजवानीच होती. मी उत्साहाने कामाला लागले.

पहिल्यांदा डोळ्यांचे डॉक्टर. मोठे होते, भिंतीवर परदेशातली प्रमाणपत्रं होती. त्यांनी बाबांच्या डोळ्यात बॅटरी मारली आणि इंग्रजीत सांगितलं की डावा डोळा संपला.

"ते मला माहीत आहे," बाबा म्हणाले. "गाडी चालवू का ते सांगा."

डॉक्टर हसले. "ते मोटार वाहन खात्याने सांगायचं. मी डोळे बघतो, रस्ता नाही."

मोटार वाहन कार्यालयातल्या चौकशीच्या खिडकीत एक गृहस्थ कागदाच्या पुडीतून मुरमुरे खात होते. त्यांनी प्रश्न पूर्ण ऐकून घेतला, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. मग म्हणाले, "हे डॉक्टर ठरवणार."

"डॉक्टर म्हणतात तुम्ही ठरवणार."

त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या सहानुभूतीने बघितलं. "तुम्हाला काय वाटतं, दीदी?"

मला काय वाटतं हे मी घरी बसून वाटून घेऊ शकत होते, त्यासाठी ट्राममधून लोंबकळत यायची गरज नव्हती. दुसऱ्या खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, खासगी गाडी असेल तर चालतं. कुठे लिहिलंय विचारल्यावर म्हणाल्या, लिहिलेलं असणारच. त्यांच्या शेजारचा पंख्याखालून म्हणाला, अजिबात चालत नाही, दोन्ही डोळे लागतात. बाई म्हणाल्या, तुला काय माहीत. तो म्हणाला, तुलाच जास्त माहीत. तिसरा मध्ये पडला आणि म्हणाला, डोळा जाऊन किती काळ झाला त्यावर असतं. किती काळ लागतो? ते साहेबांना माहीत. साहेब कुठे आहेत? साहेब मीटिंगला गेलेत. मी निघाले तेव्हा तिघंही आपापसात भांडत होते आणि माझा प्रश्न खिडकीबाहेर एकटा उभा होता.

"होये जाबे, दीदी," मुरमुरेवाले मागून म्हणाले. होईल. या शहरात हे दोन शब्द तुम्हाला पेल्यातल्या पाण्यासारखे न मागता मिळतात. काय होईल, कधी होईल, कोण करील, हे विचारणारा माणूस असंस्कृत समजला जातो. आपल्याकडे निदान खेकसतात. 'सरकारी काम, सहा महिने थांब' म्हणून हाकलून तरी देतात. इथे गोड बोलून तुम्हाला बुडवतात आणि वर चहा घेणार का विचारतात.

हेल्पलाइनला फोन केला. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असं एका मुलीने इतक्यांदा सांगितलं की मला तिची दया आली. मग एक तरुण आला. त्याने सांगितलं की माझा प्रश्न त्याच्या समोरच्या यादीत नाही, मी यादीतला एखादा निवडावा.

"सगळ्यात जवळचा कुठला आहे?" मी विचारलं.

त्याने विचार केला. "लायसन्स हरवलं आहे, हा आहे मॅडम."

शेवटी सरकारच्या शंकानिवारण पोर्टलवर गेले आणि प्रश्न टाइप केला. एका डोळ्याने अजिबात दिसत नसलेल्या व्यक्तीस खासगी मोटार चालवण्याची कायद्याने परवानगी आहे का? कृपया कलमासह उत्तर द्यावे. लगेच एक लांबलचक क्रमांक आला. क्रमांक देण्यात आपलं सरकार कधीच कमी पडत नाही.

श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकात पांढऱ्या कपड्यातला एक ट्रॅफिक सार्जंट रोज दिसायचा. एका संध्याकाळी मी त्यालाही गाठलं. तो मनापासून हसला. "एक चोखे? दीदी, कोलकातार रास्ताय दुइ चोखेओ किछु देखा जाय ना." म्हणजे इथे दोन डोळ्यांनीही काही दिसत नाही. मी हसले नाही, तेव्हा तो गंभीर झाला आणि हिंदीत म्हणाला, "ॲक्सिडेंट हुआ तो पकडेंगे."

"आणि नाही झाला तर?"

"तर कशाला पकडू?"

एवढ्या सगळ्यात हा एकच माणूस स्पष्ट बोलला. कुणीतरी मेलं की मग ते बेकायदा.

रोज संध्याकाळी मी दिवसभराची कमाई बाबांसमोर मांडायचे. ते मान हलवत ऐकायचे आणि शेवटी एकच शब्द विचारायचे, "कलम?" माझ्याकडे कलम नसायचं. मग ते खिळ्यावरची किल्ली काढून खाली जायचे, गाडी पुसायचे आणि एक चक्कर मारून यायचे. ती चक्कर पूर्ण होईपर्यंत मी गॅलरीत उभी असायचे. तळमजल्यावरचा म्हातारा खालून ओरडायचा, "बोर्गी फिरे एशेछे!" बोर्गी परत आला. मग मी आत येऊन कुकर लावायचे.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "तू विचारत कशाला बसतेस? न विचारता चाललंय ना? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"उद्या कुणी मेलं तर?"

"नेहमी वाईटच बघतेस तू. म्हातारपणी त्यांचं तेवढंच उरलंय. त्यांचं मन मोडू नकोस."

"मग तू इथे ये आणि त्यांच्या डावीकडे बस," मी म्हणाले. त्याला रेंज मिळेनाशी झाली. दादाची रेंज नेहमी योग्य वेळी जाते.

मग मला एक गोष्ट आठवली आणि मी आनंदाने उडी मारली. बाबांच्या लायसन्सची मुदत संपत आली होती. नूतनीकरण म्हणजे डॉक्टरचा दाखला आणि दाखला म्हणजे तपासणी. आता कायद्याला बाबांच्या तोंडाकडे बघावंच लागणार होतं. पळून जाता येणार नव्हतं. मी बँकेत रजा टाकली. बाबा पांढरा बुशशर्ट घालून तयार झाले. त्यांनाही घाई होती, हे मला तेव्हा विचित्र वाटलं.

कार्यालयाबाहेर फुटपाथवर निळ्या प्लॅस्टिकखाली एक डॉक्टर टेबल टाकून बसला होता. त्याच्यापुढे रांग होती. तो कागद ओढायचा, शिक्का मारायचा, सही करायचा, पुढचा. चेहरा बघायची भानगडच नव्हती. बाबांचा नंबर आला तेव्हा ते ताठ उभे राहिले आणि आपल्या धेडगुजरी हिंदीत मोठ्याने म्हणाले, "मेरा बायां आंख पूरा गया है. लिख लो."

शिक्का हवेत थांबला. डॉक्टरने पहिल्यांदाच मान वर केली. "आर एकटा चोख आछे तो?"

दुसरा आहे ना, असं विचारतोय, मी बाबांना सांगितलं.

"है," बाबा म्हणाले.

"ब्यास. होये जाबे." आणि शिक्का पडला.

"लिख लो," बाबा पुन्हा म्हणाले. मागची रांग कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, दादू, म्हणजे आजोबा, इतकं बोलू नका, बोलल्याने काम अडतं. बाबा हटेनात. मी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

आत कार्यालयात त्यांनी तेच सांगितलं. टेबलावरच्या मुलाने दाखला वर करून दाखवला. यात तर सगळं ठीक आहे, दादू, मग तुम्ही का बिघडवता? त्याने बाबांना स्टुलावर बसवलं आणि कॅमेऱ्याकडे बघायला सांगितलं. कॅमेरा जरा डावीकडे होता. बाबा समोर भिंतीकडे बघत राहिले. मुलाने उठून त्यांची हनुवटी धरून चेहरा वळवला, फोटो काढला आणि थँक यू म्हणाला.

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण मी बँकेत दिवसाआड वापरते. त्यातलं दळणारं आंधळं माझ्या घरातलं निघेल असं कधी वाटलं नव्हतं.

काही आठवड्यांनी टपालाने नवं कोरं कार्ड आलं. बाबांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, रुमालाने पुसलं आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. "घे," ते म्हणाले. "कायदा हो म्हणाला."

"कायद्याने बघितलंच नाही तुमच्याकडे."

"मी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं. आता ती त्यांची जबाबदारी." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण त्या आनंदात काहीतरी कमी होतं. मला तेव्हा राग इतका आला होता की त्यांच्या चेहऱ्याचा अभ्यास करायला मी मोकळी नव्हते.

भाद्रपद आला. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. मूर्ती जवळच्याच कुंभारवाड्यातून आणतो, त्यामुळे आमचा गणपती सोवळं नेसतो मराठी आणि बघतो बंगाली, कानापर्यंत लांबलेल्या मोठ्या डोळ्यांनी. उत्तर कोलकात्यात मराठी घरं नाहीतच जवळजवळ. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या आरतीला लांबून लोक येतात. त्या वर्षी फोर्ट विल्यमहून एक कर्नल आणि त्यांची बायको आली होती, माझ्या बँकेतलं एक जोडपं होतं आणि सॉल्ट लेकहून आयटीतली दोन तरुण घरं तीन लहान मुलांसकट. मुलं इथेच वाढलेली, आरती मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत वाचत होती आणि मध्येच एकमेकांशी बंगालीत भांडत होती.

आमच्याकडे एक रीत आहे. घरचा गणपती घरच्या गाडीतून जातो आणि गाडी घरातला सर्वात मोठा माणूस चालवतो. मूर्ती मांडीवर घेऊन पुढे डावीकडे घरची बाई बसते. पूर्वी आई बसायची, कोलकात्यात मी बसायचे. बाबा आरतीच्या आधीपासून किल्ली हातात घेऊन होते. उत्तरपूजा झाली, मूर्तीच्या हातावर दही ठेवलं, आणि बाबांनी जाहीर केलं, "मुलं सगळी माझ्या गाडीत. मागे तिघं मावतात."

मुलं नाचायला लागली. त्यांच्या आयांना कौतुक वाटलं. बाबा खोलीच्या मध्ये उभे राहून कर्नलसाहेबांना रस्ता समजावून देत होते. आता एक वाजून गेलाय, म्हणजे त्या रस्त्याने उलटं जायचं, घाटाच्या आधी डावीकडे वळायचं. डावीकडे हा शब्द त्यांनी मोठ्या आत्मविश्वासाने उच्चारला.

मी विसर्जनाची वाटली डाळ वाटत होते, सालवृक्षाच्या पानांच्या द्रोणांतून. सगळ्यांना दिली. बाबा राहिले होते. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि द्रोण त्यांच्या गालापासून वीतभर अंतरावर धरला.

 नुसता धरला.

बाबा प्रसादाला कधी नाही म्हणत नाहीत. रस्त्यात अनोळखी माणसाने पेढा पुढे केला तरी चपला काढून घेतात. प्रसाद नाकारू नये हा त्यांचा आणखी एक नियम. ते बोलत राहिले, ट्रामच्या रुळांबद्दल, घाटावरच्या गर्दीबद्दल, आणि द्रोण त्यांच्या गालाशी तसाच राहिला. आधी कर्नलच्या बायकोचं लक्ष गेलं. तिला वाटलं बाबांनी बघितलं नाही, तिने तोंड उघडलं, मी तिच्याकडे बघितलं, तिने मिटलं. मग बँकेतल्या जोडप्याने बघितलं. मग कर्नलनी, आणि त्यांचं मान हलवणं थांबलं. मी द्रोण थोडा वर केला, थोडा खाली केला. बाबांच्या कानाजवळ नेला. आयटीतल्या एका आईने आपल्या मुलीला हळूच जवळ ओढलं. दुसरीनेही ओढलं. मला तेच हवं होतं. डॉक्टरला, खिडक्यांना, शिक्क्याला आणि कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते आता खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. मुलंसुद्धा गप्प झाली. एकट्या बाबांना दिसत नव्हतं. ते एका गप्प खोलीत एकटेच हसत बोलत होते.

"आणि सार्जंटने अडवलं तर..." ते म्हणाले आणि थांबले. कुणीच काही बोलत नव्हतं. "काय झालं?"

मी हात हलवला नाही. त्यांनी कर्नलच्या नजरेचा माग काढला. मग हळूहळू मान वळवली, अगदी पूर्ण, खांद्यापर्यंत, आणि त्यांना द्रोण दिसला. द्रोणामागे माझा हात दिसला आणि हातामागे मी.

 हा माणूस चोरटं वजन हातात घेताच ओळखायचा, त्याला हेही लगेच कळलं. त्यांनी द्रोण घेतला. उभ्याउभ्या सगळी डाळ खाल्ली, शेवटचा कण बोटाने पुसून घेतला. मग माझ्या रिकाम्या, हळदीने पिवळ्या झालेल्या हातावर किल्ली ठेवली.

"तू घेतलीस," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "मी घेतली. नियमाने नाही."

मला गाडी येत नाही, म्हणून ती कर्नलसाहेबांनी चालवली. मी मूर्ती घेऊन पुढे बसले. बाबा मागे एकटे बसले. मुलांना त्यांच्या आयांनी आपापल्या गाड्यांत नेलं होतं, आता आमच्या गाडीत भीती उरली नव्हती तरीही. दुसऱ्याच वळणावर कर्नलनी गाडी एकेरी रस्त्यात उलटी घातली. रस्ता एक वाजता फिरला होता आणि ते विसरले होते. समोरून बसचा हॉर्न वाजला. मी आरशात बघितलं. बाबांना रस्ता वेळेसकट पाठ होता, वळायच्या आधीच त्यांना कळलं असणार. ते खिडकीबाहेर बघत बसले. सार्जंट धावत आला, त्याने माझ्या मांडीवरची मूर्ती बघितली, नमस्कार केला आणि बस मागे सारून आम्हाला वाट करून दिली.

घाटावर मूर्ती पाण्यात गेली. बाबा पायरीवर उभे होते आणि मी ओल्या साडीने वर येत होते, तेव्हा पायरीवर पर्समध्ये ठेवलेला माझा फोन वाजला. पोर्टलवरून संदेश आला होता. आपल्या शंकेचे निरसन करण्यात आले आहे. आपण किती समाधानी आहात ते कळवावे. खाली पाच चांदण्या होत्या. उत्तर कुठेच नव्हतं. मी वरखाली दोनदा शोधलं.

"आलं का तुझं कलम?" बाबांनी विचारलं.

"आलं नाही," मी म्हणाले. मी पाचही चांदण्या दाबल्या.

त्यानंतर त्यांनी गाडीचा विषय काढला नाही. गाडी विकली. खालचा म्हातारा अजून कधीतरी बोर्गी म्हणून हाक मारतो, बाबा गॅलरीत जात नाहीत. मला पश्चात्ताप वगैरे काही नाही. दादा फोनवर म्हणाला की हे चार माणसांत करायला नको होतं. मी म्हणाले, एकांतात मी करून बघितलं होतं.

फक्त एक बदल झाला. पूर्वी मी डावीकडून चहा पुढे केला तर बाबांना दिसायचा नाही, पण माझी चाहूल लागली की ते न बघता हात पुढे करायचे आणि कप बरोबर त्यांच्या हातात यायचा. आता करत नाहीत. मी उजवीकडून दिला तरी ते आधी मान पूर्ण वळवतात, माझा हात नीट बघून घेतात आणि मगच कप घेतात.